पार्टे सरांची पाच नवलं

पार्टे सरांसमोर कुणी एखाद्या गोष्टीला सहज 'वा, अद्भुत!' म्हटलं की ते हातातला चहाचा कप खाली ठेवायचे. समोरच्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळायचे आणि विचारायचे, "तोंड उघडलं का तुमचं?" समोरचा गोंधळून म्हणायचा, "नाही." "पाऊल मागे गेलं?" "नाही." "हात जोडावेसे वाटले?" "नाही हो सर." "मग कशावरून अद्भुत? बरी आहे म्हणा. मिसळ आहे ती." एवढं बोलून ते पुन्हा चहाकडे वळायचे. तोवर समोरच्याची मिसळ थंड झालेली असायची आणि भूकही मेलेली असायची.

मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात काम करते. आमच्या गोळ्या दक्षिण अमेरिकेत जायला लागल्या, तसे खोक्यातले माहितीचे कागद स्पॅनिशमध्ये छापून यायला लागले. त्यावर काय लिहिलंय हे कारखान्यात एका तरी माणसाला कळलं पाहिजे असं साहेबांच्या मनात आलं. पाळी संपल्यावर जिची घरी कुणी वाट बघत नाही अशी मी एकटीच होते, त्यामुळे बोट माझ्याकडे वळलं. महाडात स्पॅनिश कोण शिकवणार, असं मी तोंड वाकडं करून म्हटलं. तर चवदार तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भांड्यांच्या दुकानाच्या वर, पार्टे सरांचा वर्ग चालतो असं कळलं. विद्यार्थी आम्ही पाच-सहा जण. त्यात एकाला जहाजावर जायचं होतं आणि एकाला कुठेच जायचं नव्हतं, फक्त घरातून बाहेर पडायचं होतं.

पहिल्या दिवशी छाप पाडावी म्हणून मोबाइलवरून पाठ केलेला एकुलता एक शब्द, अद्भुत या अर्थाचा, मी सरांच्या अंगावर फेकला. "आजची हवा माराविओसो आहे." मे महिना होता. सरांनी घाम पुसला, केस रंगवलेले होते म्हणून जरा जपूनच पुसला, आणि मला खिडकीशी उभं केलं. "इथून मला एक माराविओसो गोष्ट दाखवा. सापडली की बसा." खाली दुकानदार पातेली पुसत होता. रिक्षाखाली कुत्रं झोपलं होतं. कंपनीच्या बसमधून पहिल्या पाळीची माणसं रिकामे डबे घेऊन उतरत होती. निम्मा वर्ग संपेपर्यंत मी उभीच. शेवटी म्हटलं, "काहीच नाही सर." "बसा," सर म्हणाले. "आता तुम्हाला शिकवता येईल." त्या दिवसापासून माझं नाव मारावियाबाई पडलं, ते शेवटपर्यंत.

सर मूळचे पोलादपूरच्या वर डोंगरातल्या एका वाडीचे. शाळा संपताच वाडीतली सगळी पोरं जातात तसे मुंबईला गेले, गावकीच्या सामायिक खोलीत वळकटी टाकली, दिवसा एका कचेरीत चिकटले आणि संध्याकाळी स्पॅनिश शिकायला लागले. स्पॅनिशच का, असं मी विचारलं होतं. मला वाटलं, एखादी प्रेमकथा निघेल. "जर्मनचा वर्ग भरला होता," सर म्हणाले. पुढे आयुष्यभर त्यांनी यंत्रांच्या माहितीपुस्तिका भाषांतरित केल्या. "उभ्या आयुष्यात 'हा नट उजवीकडे फिरवा' आणि 'यंत्र चालू असताना हात घालू नका' याखेरीज काही लिहिलं नाही मी. नवलाचे शब्द सगळे निवृत्तीसाठी राखून ठेवले. आता कुणाला उधळू देईन काय?"

नम्रतेशी त्यांची ओळखही नव्हती. "नम्रता कुणी बाळगावी? ज्याच्याकडे बाळगायला दुसरं काही नाही त्यानं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खिशात कंगवा, मनगटावर अत्तर, शर्टाला कडक इस्त्री. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण इस्त्रीत खंड नव्हता. दोन शब्दांचा अर्थ सारखाच आहे असं कुणी म्हटलं तर मात्र इस्त्रीसकट सगळा तोल सुटायचा. "सारखाच? काकडी आणि दुधी हिरवेच असतात म्हणून दुधीची कोशिंबीर कराल?"

नवलाच्या गोष्टींसाठी स्पॅनिशमध्ये एकाला एक लागून असे बरेच शब्द आहेत. शब्दकोशात बघितलं तर प्रत्येकाच्या पुढे बाकीचे लिहिलेले. सरांनी त्यातले पाच निवडून त्यांची स्वतःची वाटणी केली होती. "शब्द पुस्तकात बघायचा नाही, माणसाच्या अंगावर बघायचा," असं म्हणून ते खुर्चीवरून उठायचे आणि करून दाखवायचे. माराविया म्हणजे तोंड उघडतं. असोम्ब्रो म्हणजे सावलीला घोडा बुजतो तसं पाऊल मागे जातं. प्रोदिहिओ म्हणजे मान वर जाते, कारण गोष्ट आपल्या मापाच्या बाहेरची असते. पोर्तेन्तो म्हणजे पोटात गोळा येतो, पुढे काहीतरी वाढून ठेवलंय असं वाटतं. आणि मिलाग्रो म्हणजे हात आपोआप जोडले जातात. "हात जोडले गेले नाहीत तर मिलाग्रो म्हणायचं नाही. आणि जोडले गेले तरी आधी दोनदा बघायचं, थंडीनं तर जोडले नाहीत ना!" खालचा भांडीवाला एकदा उधारीची आठवण करायला वर आला, तर सर मान वर, पाऊल मागे, तोंड उघडं अशा अवस्थेत उभे. बिचारा उधारीचं नाव न काढता खाली गेला.

ही वाटणी शास्त्रशुद्ध होती असं नाही. पुढे स्पेनच्या माणसांशी बोलताना माझ्या लक्षात आलं की ते लोक हे शब्द आपल्यासारखेच वाटेल तिथे वापरतात. जेवण बरं झालं तरी माराविया, बस वेळेवर आली तरी मिलाग्रो. हे मी सरांना सांगितलं. "त्यांची भाषा आहे, त्यांना परवडतं," सर म्हणाले. "आपण कष्टानं मिळवलीय."

आमच्यातल्या एका मुलीनं चवदार तळ्यावर निबंध लिहिला आणि तिथे जे घडलं त्याला मिलाग्रो म्हटलं. सरांनी कागद बाजूला ठेवला. त्या दिवशी अंगविक्षेप केले नाहीत. "तिथे माणसं आपल्या पायांनी चालत गेली आणि आपल्या ओंजळीनं पाणी प्यायली. त्याला मिलाग्रो म्हणालात तर त्यांचं श्रेय वर पाठवून द्याल. असोम्ब्रो म्हणा. पाऊल मागे गेलं, पण ते बघणाऱ्यांचं." मुलीनं शब्द बदलला. मी मनात म्हटलं, म्हातारा नुसताच खाष्ट नाही.

पण हाच मिलाग्रो सरांना महागात पडला होता, आणि तो स्पॅनिशमध्ये नव्हे, चोख मराठीत. त्यांच्या वाडीत शिमग्याला देवीची पालखी खूण काढते. म्हणजे असं, की मानकरी पहाटे एकटा जाऊन गावाच्या हद्दीत कुठेतरी नारळ पुरतो आणि वरची माती सारखी करतो. जागा त्याच्याखेरीज कुणाला माहीत नसते. मग दिवसा पालखी खांद्यावर घेऊन नाचवतात. ती नाचत नाचत, मागे-पुढे झुलत, बरोबर त्या जागेवर जाते आणि दांडा जमिनीला टेकवते. खणलं की नारळ निघतो. हा मान सरांच्या थोरल्या भावाकडे, भिकूदादांकडे.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका शिमग्याला सहाणेसमोर, म्हणजे पालखी बसवतात त्या चौथऱ्यासमोर, मुंबईहून आलेले चाकरमानी "काय चमत्कार, काय चमत्कार" करायला लागले. तेव्हा सर भर गर्दीत बोलून गेले, "चमत्कार कसला? पुरणारा माणूस समोरच उभा असतो. त्याचे डोळे जिकडे, पालखी तिकडे." ते खोटेपणाबद्दल बोलतच नव्हते. शब्द चुकीचा आहे एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पण सहाण म्हणजे काही वर्ग नव्हे. भिकूदादांनी डोक्यावरचा टॉवेल काढला आणि विचारलं, "म्हंजे मी खोटा? का देवी खोटी? एक काय ता बोल." सरांना एकच काय ते बोलता आलं नाही. ते शब्दांतला फरक समजवायला लागले. भिकूदादा पाठ फिरवून निघून गेले. त्यानंतर भावाभावांत बोलणं नाही. पालखी घरी यायची तीही थोरल्याच्या पडवीत. त्याच घरातलं सरांच्या वाट्याचं दार बंदच. सर शिमग्याला महाडातच राहायचे आणि वर्गाला सुट्टी द्यायचे नाहीत.

"मला काही वाटत नाही," असं ते दर फाल्गुनात सांगायचे. विचारलेलं नसताना सांगायचे. आणि त्या आठवड्यात एकेका शब्दावरून आमचा इतका जीव काढायचे की त्यांना काय वाटतंय ते वर्गातल्या बाकांनाही कळावं.

मग मार्ता आली. आमच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं भरायचं नवं यंत्र स्पेनहून आलं, त्याच्याबरोबर ते बसवणारी इंजिनीअर. उंच, दणकट, हसरी बाई. तिला मी सरांकडे नेलं. पहिल्याच भेटीत तिनं विचारलं, तुमच्याकडे देवाची मूर्ती खांद्यावर घेऊन मिरवतात का? तिच्या गावी दर वसंतात मिरवतात, तिचे वडील तरुणपणापासून खांदा देत आले होते. आणि सर बोलून गेले, की माझ्या गावी मिरवतात. ते सांगताना त्यांचं स्पॅनिश एकदम बोबडं झालं. मार्ता म्हणाली, मला बघायचंय. सरांनी पाहुण्यांना नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही वगैरे पुटपुटत कंगवा काढला. मला मात्र कळलं की म्हाताऱ्याला निमित्त मिळालंय.

शिमग्याला आम्ही तिघं जीपनं वर गेलो. वाडीत शिरताच ढोल ऐकू आला आणि सर गर्दीच्या मागे, फणसाच्या झाडाखाली जाऊन उभे राहिले, शेजाऱ्याच्या लग्नात न बोलावता आल्यासारखे. बायकांनी मार्ताला हळदकुंकू लावलं. "गो बाय, केवडी उंच हाय ही!" असं म्हणत एका आजीनं तिला खाली वाकवून तिच्या केसांत फूल खोचलं. भिकूदादा सहाणेपाशी होते. त्यांनी धाकट्याला बघितलं, आणि बघितलं नाहीसं केलं.

पालखी उठली. वीसेक पावलं नाचली आणि शेतात शिरली. पुन्हा मागे आली. विहिरीकडे गेली, तिथून परत. ऊन वर चढलं. खांदेकरी बदलले, पुन्हा बदलले. एरवी चहा उकळेपर्यंत खूण निघते म्हणे. इथे ढोलवाल्यांचे हात भरून आले, खूण निघेना. बायकांची कुजबुज सुरू झाली, "देवी रागावली गो." कुणीतरी म्हणालं, "वायट हाय ह्ये, लय वायट." चाकरमान्यांनी मोबाइल खाली घेतले. मार्तानं मला विचारलं, नेहमी इतका वेळ लागतो? मी सरांकडे वळले. सर पालखीकडे बघतच नव्हते. ते भावाकडे बघत होते.

भिकूदादा टॉवेलाचं टोक दातात धरून उभे होते. नजर शेतावरून विहिरीवर, विहिरीवरून गोठ्यावर, लहान मूल जत्रेत हरवल्यावर करतं तशी. "विसरलाय," सर हळूच म्हणाले. "दादा विसरलाय कुठे पुरला ते."

मी मूर्खासारखी म्हणाले, "म्हणजे तुमचं म्हणणं खरं ठरलं की सर! पुरणाऱ्याला आठवेना तर पालखीलाही सापडेना." सरांनी माझ्याकडे असं बघितलं की खिडकीशी उभं केलं असतं तर परवडलं असतं. वादात ते जिंकले होते. सगळ्या गावासमोर, भावाच्या तोंडावर, इतक्या वर्षांनी. नुसतं उभं राहायचं होतं. थोड्या वेळात भिकूदादांना सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं असतं, आणि मान गेला असता.

सरांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. मग कंगवाही दिला. इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर करत ते गर्दीतून सरळ पालखीपाशी गेले, एका दमलेल्या पोराला म्हणाले, "हो रे बाजूला," आणि दांड्याखाली खांदा घातला. ढोल जरासा अडखळला. भिकूदादांच्या तोंडातला टॉवेल गळून पडला. खांदा देणाऱ्याला आमच्याकडे कुणी अडवत नाही.

पालखी झुलली, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. मग शेत सोडून, विहीर सोडून, दोघा भावांच्या घराच्या मागच्या बाजूला निघाली, जिथे कुणी बघत नव्हतं. जुनं खळं होतं तिथे, आता रान माजलेलं, कडेला एक करंजाचं झाड. झाडाच्या मुळाशी पालखी थांबली आणि दांडा टेकला. दोघांनी खणलं. वीतभर खाली नारळ.

जो गलका झाला तो सांगता येत नाही. माझं तोंड उघडं होतं, पाऊल मागे गेलं होतं, पोटात गोळा होता, आणि हात कधी जोडले ते मला कळलं नाही. एक मान तेवढी वर गेली नव्हती. मार्ता रडत होती आणि हसत होती. भिकूदादा गर्दीतून वाट काढत आले. सर दांड्याखालून बाहेर पडून खांदा चोळत होते, घामानं केसांचा काळा रंग मानेवर उतरला होता. दोघे भाऊ समोरासमोर आले. तेवढ्यात मार्तानं सरांचा हात धरून भिकूदादांच्या देखतच विचारलं, "एस उन मिलाग्रो?" हा चमत्कार आहे का?

सरांनी भावाकडे बघितलं आणि स्पॅनिशमध्ये उत्तर दिलं, "नो. एस मी एर्मानो."

"काय सांगितलान तिला?" भिकूदादांनी विचारलं. इतक्या वर्षांतलं पहिलं वाक्य.

सर म्हणाले, "सांगितलं, चमत्कार हाय."

भिकूदादा समाधानानं हुंकारले. "मंग? तवाच बोलला आसतास तर!" आणि खांद्याला लावायला तेल आणायला घरात गेले. त्या दुपारी पालखी सरांच्या वाट्याच्या पडवीतही बसली. दाराची कडी गंजली होती, ती दगडानं ठोकून काढावी लागली.

परतताना जीपमध्ये मी विचारलं, "सर, तुम्हाला कसं कळलं?" त्यांनी माझ्याकडून कंगवा परत मागून घेतला. मग म्हणाले, "लहानपणी दादा माझा भोवरा लपवायचा. पेरू लपवायचा. नेहमी करंजाच्या मुळाशी. डोकं विसरतं, हात विसरत नाहीत, असं मला वाटलं." "म्हणजे पालखी तुम्ही नेलीत?" "मी खांद्याखाली गेलो. दांडा जड होता. कोण कुणाला नेत होतं ते खालून कळत नाही, मारावियाबाई." पुढच्या वर्गात मी मुद्दाम विचारलं, की खांदा सुजला तर त्याला पाचातला कुठला शब्द? "त्याला शब्द लागत नाही," सर म्हणाले. "तेल लागतं." त्यानंतर भिकूदादा बाजाराच्या दिवशी महाडला उतरले की वर्गात येऊन मागच्या बाकावर बसायचे आणि सरांचे अंगविक्षेप बघून म्हणायचे, "ह्याचा पगार देतात काय तुला?"

सर गेले ते पुढच्या पावसाळ्यात, दुपारच्या झोपेत. आदल्या दिवशीच त्यांनी मला 'चांगला' आणि 'बरा' यांतला फरक सांगताना तीनदा खुर्चीवरून उठवलं होतं. मी घरी येऊन त्यांना शिव्या घातल्या होत्या. ते गेल्याचं कळलं तेव्हा मला खूप रडू आलं, एवढंच सांगते. त्याला कुठलाही शब्द शोधायला मला त्यांच्याशिवाय जमणार नव्हतं.

सरांच्या तेराव्याला मी वाडीत गेले. जेवणं झाल्यावर भिकूदादा मला खळ्यावर घेऊन गेले. करंजाखाली बसले. बराच वेळ काडीनं माती उकरत राहिले. मग म्हणाले, "पोरी, तुला ती भाषा येती ना? त्या दिवशी तो खोटा बोलला माज्याशी. तो चमत्कार बोलेल व्हय कधी? मेला आसता तरी बोलला नसता. खरं सांग, काय बोलला तो त्या बाईला?"

मी सांगितलं. ती म्हणाली, हा चमत्कार आहे का. आणि सर म्हणाले, नाही. हा माझा भाऊ आहे.

सवयीनं मी त्यांच्या अंगाकडे बघितलं. तोंड उघडलं नाही. हात जोडले गेले नाहीत. मान खाली होती. त्यांनी उकरलेली माती तळव्यानं सारखी केली, पहाटे नारळ पुरून करत असतील तशी, सावकाश.

"येडा," भिकूदादा म्हणाले. "येवडंच बोलायचं व्हतं, तर मराठीत नाय काय बोलायचं?"